विश्लेषण : व्यसन सुटल्यावर रिकामे हात काय करतात? डॉ. अनिता अवचट यांच्या ‘मुक्तांगण’ने दिलेले उत्तर…

दारू किंवा अमली पदार्थ शरीरातून बाहेर काढायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. खरी लढाई त्यानंतर सुरू होते. दिवसातले जे तास नशा मिळवण्यात आणि नशा करण्यात जात होते, ते अचानक मोकळे होतात. त्या तासांत चित्र, गाणे, कागदकाम, लेखन अशा गोष्टींचा आधार मिळू शकतो, हे आज जगभर मान्य होत आहे. महाराष्ट्रात या विचाराला घर मिळाले ते पुण्यातील ‘मुक्तांगण’मध्ये. या केंद्राच्या संस्थापक आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट यांचे १९९७ मध्ये निधन झाले. त्यांचे आयुष्य आणि त्यांच्या कामामागचे विज्ञान समजून घेऊ या.

डॉ. अनिता अवचट कोण होत्या?

कागदोपत्री नाव डॉ. अनिता अवचट. घरी आणि मित्रमंडळींत त्या सुनंदा. लेखक अनिल अवचट यांच्या पुस्तकांतून मराठी वाचकांना त्या याच नावाने भेटल्या. माहेरच्या त्या सोहोनी. वैद्यकीय शिक्षणाच्या काळात त्यांची आणि अनिल अवचट यांची ओळख झाली आणि पुढे दोघांनी लग्न केले. दोघेही डॉक्टर, पण दोघांच्या वाटा लवकरच वेगळ्या झाल्या.

अनिल अवचट बिहारच्या दुष्काळात मदतकार्याला गेले, त्या अनुभवावर त्यांनी ‘पूर्णिया’ हे पुस्तक लिहिले आणि डॉक्टरकी हळूहळू मागे पडली. हमाल, विडी कामगार, देवदासी, दुष्काळी भागातून शहरात आलेली माणसे हे त्यांच्या लेखनाचे विषय झाले. अशा लेखनातून घर चालणे अवघड होते. सुनंदा यांनी मानसोपचारात विशेष शिक्षण घेतले आणि सरकारी नोकरी पत्करली. घराचा आर्थिक भार त्यांच्या पगारावर राहिला. मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींच्या संगोपनाचा, स्वयंपाकाचा मोठा वाटा अनिल यांनी उचलला. त्या काळातील मध्यमवर्गीय मराठी घरात ही वाटणी सहज पचणारी नव्हती. त्यांनी ती समजून-उमजून स्वीकारली आणि शेवटपर्यंत निभावली.

सुनंदा यांची नोकरी होती येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयात. देशातील मोठ्या मनोरुग्णालयांपैकी ते एक. तिथले रुग्ण बहुतेक गरीब घरांतले. अनेकांना नातेवाईक आणून सोडत आणि पुन्हा फिरकत नसत. मनाच्या आजाराला समाजात काय किंमत असते आणि आजारी माणसाला घर कसे नाकारते, हे त्यांनी तिथे रोज पाहिले. पुढे व्यसनी माणसांसोबत काम करताना हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

‘गर्द’ने १९८०च्या दशकात काय केले?

महाराष्ट्राला दारूचे व्यसन नवे नव्हते. गांजा, अफू, भांगही जुनीच. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि पाठोपाठ पुण्यात ‘ब्राऊन शुगर’ आली. अफूपासून तयार होणाऱ्या हेरॉईनचे हे अशुद्ध, तपकिरी रूप. बोलीत तिला ‘गर्द’ म्हणत. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ. पुडीत बांधलेली ही धूळ झोपडपट्टीपासून उच्चभ्रू वस्तीपर्यंत आणि नाक्यापासून महाविद्यालयापर्यंत पोहोचली.

तिचा वेग हा खरा धक्का होता. दारूने माणूस पूर्ण पोखरला जायला अनेकदा वर्षे लागतात. गर्दच्या बाबतीत काही आठवडे पुरत. पुडी वेळेवर मिळाली नाही की अंग मोडून येणे, नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, झोप उडणे. व्यसनी मुलांच्या भाषेत ही ‘टर्की’. तिची धास्ती एवढी असे, की नशेचा आनंद कधीच संपलेला असला तरी केवळ ती टाळण्यासाठी पुढची पुडी घ्यावी लागे. त्यासाठी आधी घरातले पैसे जात, मग भांडी, मग आईचे दागिने.

केंद्र सरकारने १९८५ मध्ये ‘एनडीपीएस’ म्हणून ओळखला जाणारा कडक कायदा केला. विक्रेत्यांना पकडण्याची तरतूद झाली. मात्र अडकलेल्या मुलाला घेऊन आई-वडिलांनी जायचे कुठे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. खासगी उपचार महाग आणि सरकारी व्यवस्था जवळपास नव्हतीच. घरोघरी मारहाण, कोंडून ठेवणे, गंडेदोरे, लग्न लावून देणे असे उपाय चालत.

अवचटांच्या परिचयातील घरांपर्यंतही गर्द पोहोचले. अनिल अवचट यांनी या विषयाचा शोध घेतला, व्यसनी मुलांना भेटले आणि लेखमाला लिहिली. पुढे ती ‘गर्द’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्या लेखांनी अनेक मराठी घरांची झोप उडवली.

‘मुक्तांगण’ कसे सुरू झाले?

अस्वस्थ झालेल्या वाचकांत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे होते. मुलांसाठी काही ठोस व्हायला हवे, असे दोघांना वाटले. त्यांनी एक लाख रुपयांची मदत देऊ केली. त्या काळी ही रक्कम मोठी होती. मात्र पैशाने केंद्र उभे राहत नाही. ते रोज चालवणारा माणूस लागतो. ती जबाबदारी सुनंदा यांनी घेतली.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच ‘मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र’ सुरू झाले. जागेची निवड सोयीची होती, तशी अडचणीचीही. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जायचे म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात गेलो, असा शिक्का बसण्याची भीती. आधीच व्यसनाचा कलंक, त्यात हा दुसरा. तरीही माणसे आली. दुसरीकडे जाण्यासारखी जागाच नव्हती.

व्यसनी माणसाला चोर, खोटारडा, वाया गेलेला असे न म्हणता आजारी मानायचे, ही तिथली पहिली भूमिका. आजारी म्हटल्यावर राग, उपदेश आणि शिक्षा यांना जागा उरत नाही. उरते ती काळजी आणि शिस्त. प्रेम आणि विश्वास हा मुक्तांगणच्या उपचारांचा पाया मानला जातो. आज हे बोलायला सोपे वाटते. समोरचा माणूस सकाळी शपथ घेतो आणि संध्याकाळी मोडतो, अशा वेळी विश्वास टिकवणे फार कठीण असते.

दुसरी भूमिका त्याहून धाडसी होती. बरे झालेल्या रुग्णमित्रांनाच कामात घेणे. ज्याने स्वतः ‘टर्की’ सोसली आहे तोच नव्याने आलेल्या मुलाच्या उशाशी बसला, तर त्याचे बोलणे डॉक्टरपेक्षा लवकर पोहोचते. मुक्तांगणात पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभे राहिलेल्या अनेकांनी ही वाट चालली आहे. ज्याच्या हाती कुणी घराची किल्ली देत नव्हते, त्याच्या हाती केंद्राचा कारभार आला.

औषधाने व्यसन का सुटत नाही?

हेरॉईन थांबवल्यावर त्रास साधारण आठ ते बारा तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि आठवडाभरात ओसरू लागतो. दारूच्या बाबतीत हे दिवस अधिक धोक्याचे असतात. खूप पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात. जीवही जाऊ शकतो. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडायचा असतो. इथे औषधांना पर्याय नाही.

पण हा टप्पा संपला की रुग्णाला आणि घरच्यांना वाटते, सुटला. तिथेच फसगत होते. मेंदूत आनंदाची, समाधानाची जाणीव घडवण्यात डोपामाइन या रसायनाचा मोठा वाटा असतो. नशेचे पदार्थ हे रसायन अवाजवी प्रमाणात उसळवतात. वारंवार तसे झाले की मेंदू स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो. परिणामी साध्या गोष्टींतली गोडी जाते. चांगले जेवण, मुलांचे हसणे, क्रिकेटचा सामना, सगळेच फिके वाटते. नशा थांबल्यावर मेंदू पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. या काळात माणूस शुद्धीवर असतो, पण त्याला कशातच रस नसतो.

याच सुमारास शरम जागी होते. नशेत असताना जे आठवत नव्हते ते आता आठवते. बायकोवर उगारलेला हात, बहिणीच्या लग्नाचे उडवलेले पैसे, वडिलांच्या अंत्यविधीला नसणे. हे बोलायला शब्द सापडत नाहीत आणि ऐकायला कुणी थांबत नाही. रिकामा वेळ, हरवलेली गोडी आणि न बोललेली शरम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पुन्हा नशेकडे वळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच उपचाराचा आराखडा आठवड्यांत आणि पुढचा पाठपुरावा वर्षांत मोजावा लागतो. मुक्तांगणात आजचा निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे.

या टप्प्यावर कला नेमके काय करते?

पहिले काम अगदी साधे आहे. ती वेळ भरते. नशेची तीव्र ओढ लाटेसारखी येते. बहुधा पंधरा-वीस मिनिटे, अर्धा तास टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ हात आणि डोळे दुसरीकडे गुंतले तर लाट डोक्यावरून निघून जाते. कागदाच्या चौकोनाला तिरकी घडी घालणे, लाकडाचा तुकडा तासणे, ढोलकीवर बोट बसवणे, या कामांना लक्ष लागते. नुसते बसून ओढीशी झुंजण्यापेक्षा हे सोपे जाते.

दुसरे काम सावकाश होते. छोट्या श्रमाचे छोटे फळ मिळणे हा अनुभव व्यसनी माणूस विसरलेला असतो. पुडी लगेच परिणाम देते. कागदाचा पक्षी वीस-पंचवीस घड्यांनी तयार होतो आणि मधली एक घडी चुकली तर उलगडून पुन्हा घालावी लागते. तरी तो तयार होतो. चुकले तरी सुधारता येते, हे हाताला आधी कळते. ज्याच्या घरी अनेक वर्षे फक्त मोडल्याचाच हिशेब झाला आहे, त्याने काहीतरी बनवले, ही गोष्ट त्याच्यासाठी लहान नसते.

तिसरे काम शरमेशी संबंधित आहे. जे तोंडाने सांगता येत नाही ते चित्रात, गाण्यात, कथेत आडवळणाने सांगता येते. स्वतःचे घर काढायला सांगितले आणि कुणी दार नसलेले घर काढले, तर समुपदेशकाला बोलण्याचे निमित्त मिळते. अर्थ सांगायचा तो काढणाऱ्याने. चित्र पाहून निदान करायचे नसते.

चौथे काम सोबतीचे. दारू आणि गर्द दोन्ही सुरुवातीला मित्रांच्या संगतीत येतात. व्यसन सोडायचे म्हणजे ती संगत सोडणे आले आणि मग माणूस एकटा पडतो. समूहगान, भजन, नाटुकले यांतून नवी संगत मिळते. ताल सांभाळायचा तर शेजारच्याचे ऐकावे लागते. महाराष्ट्रात हे अनोळखी नाही. वारीत माळ घातलेला माणूस दारू सोडतो, त्यामागे श्रद्धा असते, तशी टाळ-मृदंगाच्या दिंडीची सोबतही असते.

यातल्या कुठल्याही कामासाठी चांगला गळा किंवा चित्रकाराचा हात लागत नाही. इथे कला करून पाहणे महत्त्वाचे, तिचा दर्जा नव्हे. ही गोष्ट रुग्णाला पटवणे हेच अनेकदा अवघड असते. शाळेत चित्रकलेच्या तासाला हसू झालेला माणूस चाळिशीत पुन्हा खडू हातात घ्यायला बिचकतो.

मुक्तांगणात ही वाट कुठून आली?

एका बाजूला सुनंदा यांचे मानसोपचाराचे शिक्षण आणि मनोरुग्णालयातला अनुभव होता. दुसऱ्या बाजूला त्यांचे घर. अनिल अवचट यांच्या हाताला स्वस्थता नसे. ओरिगामी, लाकडातील कोरीवकाम, रेखाचित्रे, बासरी, गाणे, छायाचित्रण, स्वयंपाक अशा नाना छंदांत ते रमत आणि त्यावर त्यांनी ‘छंदांविषयी’ हे पुस्तकही लिहिले. यातली बहुतेक कौशल्ये त्यांनी कुठल्याही संस्थेत न जाता, करत करत आत्मसात केली. कला ही निवडक लोकांची मिरास नाही, कुणीही कुठल्याही वयात सुरू करू शकतो, याचा पुरावा घरातच होता. मुक्तांगणात सगळ्यांचे ‘बाबा’ झालेल्या अनिल यांनी हे छंद तिथे नेले.

आज मुक्तांगणच्या दिनक्रमात योगासने, गटचर्चा, समुपदेशन आणि खेळ यांच्याबरोबर संगीत आणि चित्र-हस्तकला यांनाही जागा आहे. यामागे एक वैद्यकीय शहाणपण दिसते. रुग्णाकडून नशा काढून घेतली तर त्या जागी काही ठेवले पाहिजे. नाही तर रिकामी जागा जुन्या भाडेकरूला परत बोलावते. घरच्यांनाही हे शिकावे लागते. म्हणून रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा आधारगट चालतो. नवऱ्याच्या दारूमुळे ज्यांचे स्वतःचे जगणे थांबले, त्यांना तिथे बोलायला जागा मिळते.

व्यसनमुक्तीचा वाढदिवस ही तिथली आणखी एक प्रथा. नशेविना एक वर्ष, पाच वर्षे, दहा वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे कौतुक सर्वांसमोर होते. कुटुंबीय सोबत असतात. वर्षानुवर्षे ज्याच्या नावाने घरात फक्त रडणे झाले, त्याच्यासाठी टाळ्या वाजतात. बरे झालेल्यांपैकी काहींनी आपली कहाणी लिहून काढली आहे. आपले आयुष्य क्रमाने मांडणे हीसुद्धा घडवण्याचीच एक रीत.

जगात कलोपचाराची सुरुवात कशी झाली?

ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल १९३८ मध्ये क्षयरोगाच्या उपचारासाठी आरोग्यधामात दाखल झाले. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी समोरच्या वस्तू रेखाटायला सुरुवात केली. मन सावरले, तसे इतर रुग्णांनाही त्यांनी यात ओढले. १९४२ मध्ये त्यांनी या पद्धतीला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांमुळे ती पसरली.

सुनंदा यांच्याशी अधिक जवळचे उदाहरण ब्राझीलचे आहे. नीझ दा सिल्व्हेरा या मानसोपचारतज्ज्ञ रिओ दि जानेरोच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करत. विजेचे झटके आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया त्यांनी नाकारल्या. १९४६ मध्ये त्यांनी रुग्णांसाठी चित्रकला आणि मातीकामाची खोली उघडली. १९५२ मध्ये त्या चित्रांचे संग्रहालय झाले. सरकारी मनोरुग्णालयातील एक स्त्री डॉक्टर, दुर्लक्षित रुग्ण आणि माणुसकीचा आग्रह हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

कलेने व्यसन बरे होते का?

नाही. हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे. व्यसनमुक्तीत कलोपचारांवरचे संशोधन अजून मर्यादित आहे, बरेचसे अभ्यास लहान गटांवरचे आहेत. मन मोकळे होणे, उपचारात टिकून राहण्याची इच्छा वाढणे, शरम कमी होणे असे फायदे त्यांत दिसतात. पण औषध, समुपदेशन आणि पाठपुरावा यांना ती पर्याय ठरत नाही. ती आधार आहे. मोडलेल्या पायाला काठीचा असतो तसा.

दुसरी मर्यादा कलाविश्वाची आहे. नशा केल्याने प्रतिभा फुलते, हा समज मराठी नाटक, संगीत आणि चित्रपटाच्या जगातही मुरलेला आहे. प्रत्यक्षात दारूने किती कलावंत अकाली नेले, याची यादी मोठी आहे. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातील सुधाकर हा बुद्धिमान वकील होता. बुद्धी त्याला वाचवू शकली नाही. कलावंत असणे आणि आधारासाठी कला करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत टाळ्यांचा, मैफलीनंतरच्या जागरणांचा आणि अपयशाचा ताण असतो. दुसरीत प्रेक्षक नसला तरी चालते.

तिसरी गोष्ट घसरणीची. व्यसनमुक्तीच्या वाटेवर अनेक जण पुन्हा घसरतात. रक्तदाब किंवा मधुमेह बिघडावा तसे हेही होते. अशा वेळी दार बंद न करता पुन्हा उपचार सुरू करायचा, हा धडा घरच्यांसाठी सर्वात कठीण.

मुंबईच्या उपनगरांसाठी यात काय आहे?

मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले. मोठी दुर्घटना घडली की चर्चा होते, एरवी उपनगरांतल्या चाळी, वस्त्या आणि टॉवर यांत हा आजार गुपचूप वाढतो. उपचाराच्या सोयी मात्र आता १९८६ सारख्या दुर्मीळ नाहीत. वांद्र्यात १९८१ पासून ‘कृपा फाऊंडेशन’ काम करते, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था आहे, महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर व्यसनमुक्तीविषयी सल्ला मिळतो.

कलेचा आधार शोधायला तर फार लांब जावे लागत नाही. गोरेगावला लागून असलेल्या, १९४९ मध्ये दुग्ध वसाहत म्हणून उभ्या राहिलेल्या आरे कॉलनीत त्याआधीपासून आदिवासी पाडे आहेत. त्यात वारली कुटुंबे राहतात. वारली चित्र काढायला महागडे रंग लागत नाहीत. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पाणी आणि बांबूची काडी पुरे. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर माणूस, झाड, तारपा नृत्याचा वेढा उभा राहतो. लग्नाचा चौक सुवासिनी मिळून काढतात आणि तो कुणा एकीच्या नावाने ओळखला जात नाही. कला हे सगळ्यांनी मिळून करण्याचे काम आहे, हे आरेच्या पाड्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

याच परंपरेतले जिव्या सोमा मशे पुढे जगप्रसिद्ध झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणेच थांबले होते आणि मातीत रेघा ओढून ते मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांचे दुःख व्यसनाचे नव्हते. पण शब्द हरवतात तेव्हा रेघ कशी कामी येते, हे त्यातून कळते.

सुनंदा अवचट यांची अखेरची वर्षे कशी होती?

मुक्तांगण उभे राहत असतानाच, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, सुनंदा यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. स्वतः डॉक्टर असल्याने पुढे काय असू शकते याची त्यांना पूर्ण कल्पना होती. शस्त्रक्रिया आणि उपचारांच्या फेऱ्या सुरू झाल्या. तरी मुक्तांगणचे काम त्यांनी सोडले नाही.

या आजारपणाने मुक्तांगणमधील नात्यांचा दुसरा अर्थ पुढे आणला. ज्या मुलांना त्यांनी मरणाच्या दारातून परत आणले होते, त्यांच्यासमोर त्या स्वतः रोज झिजत होत्या. दुखणे असतानाही दिवस कसा काढायचा, भीती असतानाही कामाला कसे बसायचे, याचा पाठ व्याख्यान न देता दिला जात होता. ओढ आणि वेदना या दोन्हींशी एकेका दिवसाच्या हिशेबानेच लढावे लागते.

१० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तांगण सुरू होऊन तेव्हा साडेदहा वर्षे झाली होती.

त्यांच्यानंतर काय राहिले?

संस्थापक गेल्यावर अनेक संस्था मिटतात. मुक्तांगण वाढले. मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेली थोरली मुलगी मुक्ता पुणतांबेकर या कामात आल्या आणि त्यांनी धुरा सांभाळली. मनोरुग्णालयाच्या आवारातून केंद्र येरवड्यातच मोहनवाडी येथील स्वतःच्या इमारतीत गेले. स्त्रियांच्या व्यसनांवर बोलणेही टाळले जात असताना त्यांच्यासाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढे मोबाइल आणि इंटरनेटच्या आहारी गेलेली मुलेही येऊ लागली. ज्या घरांना गर्द माहीत नव्हते, त्यांनाही आता मुक्तांगणचा पत्ता लागतो.

अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात हा प्रवास लिहून ठेवला. व्यसनमुक्तीच्या कामासाठी २०१३ मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये त्यांचेही निधन झाले. सुनंदा यांच्या स्मरणार्थ दिला जाणारा ‘संघर्ष सन्मान’ पुरस्कार प्रतिकूल परिस्थितीशी झगडणाऱ्यांसाठी आहे.

सुनंदा यांच्या नावावर मोठी ग्रंथसंपदा नाही, गाजलेली भाषणे नाहीत. त्यांचे काम शोधायचे तर ते माणसांत शोधावे लागते. महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी गावात एखादा गृहस्थ आज रिक्षा चालवतो, दुकान सांभाळतो, मुलीच्या शाळेची फी वेळेवर भरतो. त्याने कधी काळी गर्द ओढली होती, हे शेजाऱ्यांना ठाऊकही नसते. घरच्या कपाटावर कदाचित त्याने घडी घालून केलेला, रंग उडालेला एक कागदाचा पक्षी असतो, आणि संध्याकाळी सातला तो घरी असतो.